सांधा जुळला, तर कपाट टिकते

मृगाच्या सरी सुरू झाल्या, की कोल्हापुरातील अनेक घरांत एक प्रसंग दरवर्षी घडतो. चैत्रात एका बोटाने उघडणारा कपाटाचा खण आषाढात हटून बसतो. एकाने कपाट धरायचे, दुसऱ्याने खण ओढायचा आणि शेवटी खणाऐवजी नुसती मूठ हातात यायची, असा हा प्रकार. दोष कधी सुताराला दिला जातो, कधी लाकडाला, तर कधी ‘पूर्वीसारखा माल आता मिळत नाही’ या नेहमीच्या समजुतीला. वास्तविक लाकूड आपला स्वभाव पाळत असते. तो स्वभाव ध्यानात घेऊन कपाट घडवले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. पाणी ओसरल्यावर पूरग्रस्त भागांत घरांबाहेर जे ढीग लागले, त्यांत फुगलेली कपाटे, पापुद्रे सुटलेले पलंग आणि तळ गळून पडलेली टेबले होती. भुशाच्या दाबीव फळीचे फर्निचर एकदा पाणी प्यायले, की पूर्ववत होत नाही. भरीव लाकडाची जुनी कपाटे मात्र पुष्कळदा चिखल धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा वापरता येतात. हा फरक केवळ लाकडाचा नाही. तो फळ्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत, याचाही आहे.

हाताने घडवलेले खणांचे कपाट म्हणजे या जोडणीची खरी परीक्षा. टेबलाला चार पाय आणि एक फळी असली, की काम भागते. खणांच्या कपाटात मात्र एका पेटीत चार-पाच पेट्या बसवायच्या असतात आणि त्या वर्षानुवर्षे सरकत राहिल्या पाहिजेत. असे कपाट ‘फिंगर जॉइंट’ पद्धतीने कसे घडवतात, त्यामागचा हिशेब काय आणि आपल्याकडच्या हवेत कोणती काळजी घ्यावी लागते, हे समजून घेतले, तर विकत घेतानाही त्याचा उपयोग होईल.

बोटात बोट

दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून काटकोन करावा, तसा हा सांधा दिसतो. एका फळीच्या टोकाला समान अंतरावर चौकोनी दाते ठेवायचे व मधला भाग खाचायचा. दुसऱ्या फळीवर जेथे पहिलीला दाते आहेत तेथे खाचा आणि जेथे खाचा आहेत तेथे दाते ठेवायचे. दोन्ही फळ्या जुळवल्या, की कोपऱ्यावर उभ्या-आडव्या चौकटींची नक्षी उमटते. सोयीसाठी आपण याला बोटसांधा म्हणू. शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी आठवत असेल, तर तिच्या कोपऱ्यावर हाच सांधा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड कापणारी यंत्रे आली आणि युरोप-अमेरिकेत माल भरण्याची खोकी याच पद्धतीने मोठ्या प्रमाणावर बनू लागली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आज बाजारात ‘फिंगर जॉइंट बोर्ड’ या नावाने ज्या रबरवुडच्या फळ्या मिळतात, त्यांत लाकडाचे आखूड तुकडे टोकाला टोक लावून, करवतीच्या दात्यांसारख्या खाचांनी लांबीत जोडलेले असतात. नाव एकच असले, तरी तो प्रकार वेगळा. येथे विचार चालू आहे तो कोपऱ्याच्या सांध्याचा.

हा सांधा मजबूत का, याचे उत्तर लाकडाच्या रचनेत आहे. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. या नळ्यांच्या कडेला चिकटवणी उत्तम धरते. नळ्यांच्या तोंडांवर, म्हणजे फळीच्या कापलेल्या टोकावर, ती शोषली जाते आणि पकड कच्ची राहते. दोन फळ्या काटकोनात नुसत्या भिडवून खिळे मारले, तर एका फळीचे टोक दुसरीला चिकटते आणि सगळा भार खिळ्यांवर पडतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, खिळा मात्र आहे तेवढाच राहतो. ओलाव्याने तो गंजतो, त्याचे भोक सैल होते आणि कोपरा हलू लागतो.

बोटसांध्यात प्रत्येक बोटाची कड शेजारच्या बोटाच्या कडेला भिडते. येथे नळ्यांची तोंडे नव्हे, तर नळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात. बोटे जितकी अरुंद, तितक्या अशा कडा अधिक. बोटाची रुंदी निम्मी केली, तर चिकटणारे क्षेत्र साधारण दुप्पट होते. सांध्याचे बळ वाढते ते असे. मात्र फार अरुंद बोटे कापताना तुटतात, म्हणून फळीच्या जाडीइतकी रुंदी हे सोयीचे प्रमाण मानले जाते.

या सांध्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पारव्याच्या शेपटीसारखे तिरके दाते असलेला ‘डव्हटेल’ सांधा चिकटवणी सुटली, तरी एका दिशेने निघत नाही. तिरका आकारच त्याला अडवतो. बोटसांध्याचे दाते सरळ असल्याने चिकटवणी गेली, की तो ओढून निघू शकतो. खण रोज पुढे ओढला जातो, म्हणजे पुढची फळी बाजूच्या फळ्यांपासून सुटावी असाच ताण रोज पडतो. जुन्या चांगल्या फर्निचरमध्ये खणांना डव्हटेल असे, ते याच कारणाने. बोटसांध्यात या उणिवेवर साधा उपाय आहे. कोपऱ्याच्या वरच्या आणि खालच्या कडेतून दीड इंच खोल बारीक भोक पाडून बांबूची खुंटी ठोकावी. ती दोन्ही फळ्यांच्या बोटांतून आरपार जाते आणि सांध्याला कुलूप बसते. बांबूची खुंटी गंजत नाही आणि लाकडाबरोबर थोडीफार जुळवूनही घेते.

लाकूड स्थिर नसते

झाड तोडून, चिरून, वाळवून फळी झाली, तरी ती हवेतील ओलावा घेणे-सोडणे थांबवत नाही. कोल्हापूरच्या घरात मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत आणि जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत लाकडातील पाण्याचे प्रमाण वजनाच्या सात-आठ टक्क्यांनी सहज बदलू शकते. या बदलाचा परिणाम तिन्ही दिशांना सारखा नसतो. लांबीत लाकूड जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र बदलते, आणि तेही फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे, यावर अवलंबून असते. केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत चिरलेली फळी कमी हलते. सालीला समांतर चिरलेली फळी तिच्या दुपटीने हलते.

साग हे या बाबतीत अत्यंत शांत लाकूड. तरीही सालीला समांतर चिरलेली आठ इंच रुंदीची सागाची फळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान साधारण एक सूत कमी-जास्त होऊ शकते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडचे मिस्त्री आजही याच मापात बोलतात. एक सूत ऐकायला क्षुल्लक वाटते, पण खण आणि त्याची चौकट यांतील फट तेवढीच असते. आषाढात खण का अडतो, याचे उत्तर या एका सुतात आहे.

येथेच बोटसांध्याचा दुसरा गुण दिसतो. कपाटाच्या बाजूच्या फळ्यांचे तंतू उभे आणि वरच्या-खालच्या फळ्यांचे आडवे ठेवले, तर चारही फळ्यांची रुंदी पुढून मागे येते. पावसाळ्यात चारही फळ्या एकाच दिशेने, जवळजवळ सारख्याच फुगतात. सांध्यावर ताण येत नाही. एकीने वाढायचे आणि दुसरीने अडवायचे, असे भांडण जेथे असते, तेथे लाकूड फाटते.

लाकूड निवडताना

कोल्हापूरच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा एखाद्या वखारीत गेल्यावर ‘साग’ या एका नावाखाली अनेक प्रकार दाखवले जातात. दांडेली भागाचा साग, चंद्रपूर-बल्लारशाह भागाचा साग, परदेशातून आलेला साग आणि लागवडीचा कोवळा साग. अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारशाह येथूनच सागवान पाठवले गेले होते. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातल्यानंतर आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील लागवडीच्या सागाला महत्त्व आले. लागवडीचा साग वाईट नसतो. परंतु कमी वयाच्या झाडात गाभा लहान आणि बाहेरचा पांढुरका भाग अधिक असतो. वाळवीला दाद न देण्याचा सागाचा गुण गाभ्यात असतो, पांढऱ्या भागात नसतो. तेव्हा नावापेक्षा फळीचा रंग पाहावा. सोनेरी-तपकिरी भाग घ्यावा, पांढऱ्या कडा काढून टाकाव्यात.

आणखी एक मार्ग जुन्या लाकडाचा. पेठांतील जुने वाडे उतरतात, तेव्हा तुळया, खांब, दारे यांचा साग विक्रीस येतो. कित्येक दशके ऋतू सोसलेले हे लाकूड आता फारसे वेडेवाकडे होत नाही. त्यात लपलेले खिळे मात्र लोहचुंबक फिरवून शोधावे लागतात, नाही तर रंध्याचे पाते एका फटक्यात जाते. पुढची दर्शनी फळी सागाची आणि खणांच्या आतल्या बाजू आंबा किंवा फणस यांच्या, अशी विभागणी केली, तर खर्च कमी होतो. आंब्याच्या लाकडाला किडीचे भय असते. ते नीट वाळवून आणि प्रक्रिया करून घ्यावे. हलण्याच्या बाबतीत ते सागाहून चंचल असल्याने फटही थोडी अधिक ठेवावी.

लाकूड वाळलेले आहे का, हे पाहण्याची एक खात्रीची रीत घरीही करता येते. फळीच्या मधल्या भागातून छोटा तुकडा कापून त्याचे वजन करावे. मग शंभर अंशांच्या किंचित वर तापवलेल्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत तो वाळवावा. तुकडा आधी ११२ ग्रॅम आणि नंतर १०० ग्रॅम भरला, तर फळीत १२ टक्के पाणी आहे. हे प्रमाण देशाच्या कोणत्या हवामान-विभागात किती असावे, याची शिफारस ‘भारतीय मानक २८७’ मध्ये केलेली आहे. भट्टी नसेल, तर फळ्या घरातच हवेशीर जागी, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवाव्यात आणि एका फळीचे वजन दर आठवड्याला नोंदवावे. वजन स्थिरावले, की लाकूड घराच्या हवेशी जुळले, असे समजावे. वखारीतून आणलेल्या फळीला दुसऱ्याच दिवशी रंधा लावणे, हे पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ असते.

मापांचे गणित

चार खणांचे, सुमारे तीन फूट उंचीचे आणि अडीच फूट रुंदीचे कपाट उदाहरणादाखल घेऊ. बाहेरच्या पेटीची फळी रंधून सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाड होते. बोटांची रुंदीही पाऊण इंच ठेवली, तर कपाटाची खोली किती असावी? अठरा इंच खोली घेतली, तर २४ भाग पडतात. सम संख्येमुळे प्रत्येक फळीच्या एका कडेला बोट आणि दुसऱ्या कडेला खाच येते, सांधा पुढून एक आणि मागून एक दिसतो. त्याऐवजी खोली सव्वासतरा इंच ठेवली, तर २३ भाग पडतात. बाजूच्या फळीवर १२ बोटे व ११ खाचा, वरच्या फळीवर ११ बोटे व १२ खाचा. दोन्ही कडा सारख्या दिसतात. म्हणून आधी बोटाची रुंदी ठरवावी, मग तिच्या विषम पटीत फळीचे माप घ्यावे. उलट केल्यास शेवटचे बोट अर्धवट उरते.

खणांसाठी हाच नियम. बाजूच्या फळ्या चार सूत, म्हणजे अर्धा इंच जाड आणि बोटेही अर्ध्या इंचाची धरली, तर खणांच्या उंच्या वरून खाली साडेपाच, साडेसहा, साडेसात आणि साडेआठ इंच घेता येतात. त्यांत अनुक्रमे ११, १३, १५ आणि १७ भाग पडतात. वर लहान खण आणि खाली मोठा खण, ही रचना डोळ्यांना बरी वाटतेच, शिवाय जड सामान खाली राहिल्याने कपाट डगमगत नाही. चार खणांचे २८ इंच, मधल्या तीन आडव्या पट्ट्यांचे सव्वादोन इंच, वरखालच्या फळ्यांचे दीड इंच, फटींचा अर्धा-पाऊण इंच आणि फरशीच्या ओलीपासून दूर ठेवणारी चार इंचांची बैठक, अशी बेरीज साडेछत्तीस इंचांच्या आसपास येते.

बोटाची लांबी किती, हा प्रश्न नवख्याला हमखास अडवतो. नियम सोपा आहे. बोटाची लांबी समोरच्या फळीच्या जाडीइतकी. खणाची पुढची फळी सहा सूत आणि बाजूची चार सूत असेल, तर बाजूच्या फळीची बोटे सहा सूत लांब आणि पुढच्या फळीची चार सूत लांब. रुंदी दोन्हींची सारखीच.

एवढ्या कपाटास निव्वळ लाकूड साडेतीन घनफुटांच्या आसपास लागते. चिरणे, रंधणे, गाठी आणि पांढरा भाग यांची घट धरून पाच घनफूट घ्यावे. वखारीत भाव करण्यापूर्वी हा हिशेब कागदावर असलेला बरा.

आखणी आणि कापणी

सव्वासतरा इंच रुंदीची अखंड फळी आता क्वचितच मिळते. तीन-चार अरुंद फळ्या कडेला कड चिकटवून ती तयार करावी लागते. त्या रंधून सपाट झाल्या, की गुण्या लावून टोके तंतोतंत काटकोनात आहेत का, हे पाहायचे. येथे केसभर चूक राहिली, तर पुढचे सर्व श्रम वाया जातात.

आखणी पेन्सिलीने न करता धारदार सुरीने करावी. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या रेघेला नसते. शिवाय ती तंतू कापून ठेवते आणि पटाशी त्या खाचेत आपोआप बसते. त्यानंतर जो भाग काढायचा आहे, त्यावर ठळक फुली मारावी. ही गोष्ट बालिश वाटते, पण बोटे आणि खाचा सारख्याच दिसत असल्याने चुकीचा भाग कापला जाणे, हा या कामातील सर्वात सामान्य अपघात आहे.

करवत नेहमी रेघेच्या फुलीकडच्या बाजूने चालवायची. रेघ शिल्लक राहिली पाहिजे. खाचेतील लाकूड पटाशीने काढताना अर्धे एका बाजूने आणि अर्धे फळी उलटून दुसऱ्या बाजूने काढावे. एकाच बाजूने आरपार गेल्यास पलीकडचे तंतू उचकटतात. पटाशीवर मोगरीचे ठोके हलके आणि पुष्कळ असावेत; एक जोराचा ठोका बोट मुळापासून तोडतो.

एक महत्त्वाची दक्षता अशी, की दोन्ही फळ्या स्वतंत्रपणे मोजून आखू नयेत. प्रत्येक बोटात एक दशांश मिलिमीटरचीही चूक झाली, तरी २३ भागांत ती साचून दोन मिलिमीटरपेक्षा अधिक होते आणि शेवटची बोटे खाचेत शिरतच नाहीत. म्हणून पहिली फळी कापून पूर्ण करावी, ती दुसरीवर उभी धरावी आणि तिच्या बोटांच्या कडेनेच सुरी फिरवावी. मग पहिलीत काही दोष असला, तरी दुसरी त्या दोषासकट तिला जुळते. प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही फळ्यांना एकच आकडा घालावा, कारण हाताने केलेला एक कोपरा दुसऱ्याच्या जागी बसत नाही. यंत्रावर हेच काम एका साच्याच्या आधाराने काही मिनिटांत होते आणि सर्व कोपरे एकसारखे येतात. हाताच्या कामाला वेळ लागतो, पण त्यासाठी यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

जुळणी कशी असावी? हाताच्या दाबाने सांधा निम्मा बसावा आणि उरलेला मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. हातानेच पूर्ण बसला, तर तो सैल आहे. ठोकूनही बसत नसेल, तर बळ न लावता कोणते बोट चकाकते आहे ते पाहावे. घासल्याने चकाकलेला भागच अडवत असतो. तेवढाच पटाशीने खरवडावा.

तळ, पाठ आणि धाव

खणाचा तळ बाजूच्या फळ्यांमध्ये केलेल्या लांब खाचेत बसतो. तो चिकटवायचा नाही. त्याचे तंतू डावीकडून उजवीकडे ठेवावेत, म्हणजे तो पुढे-मागे फुगतो. खणाची मागची फळी एक इंच कमी उंचीची ठेवून तळ तिच्या खालून सरकवला, तर फुगलेल्या तळाला मागे जायला वाट राहते. पुढच्या फळीतील खाच टोकापर्यंत गेली, तरी चालते, कारण ती बाजूच्या फळीच्या बोटाखाली झाकली जाते. बाजूच्या फळीतील खाच मात्र बोटाच्या आधी थांबवावी, अन्यथा पूर्ण झालेल्या खणाच्या दर्शनी भागावर एक चौकोनी भोक कायमचे दिसत राहते.

खण ज्या पट्ट्यांवर धावतो, त्या कपाटाच्या बाजूंना बसवताना बहुतेकदा चूक होते. पट्टीचे तंतू पुढून मागे, तर बाजूच्या फळीचे उभे असतात. ऋतूबरोबर सव्वासतरा इंचांची ती फळी दोन सूत रुंद-अरुंद होते, पट्टी होत नाही. पट्टी पूर्ण लांबीत चिकटवली, तर उन्हाळ्यात बाजूची फळी तडकते. म्हणून पट्टी फक्त पुढच्या टोकाशी चिकटवावी आणि मागे लांबट भोकातून स्क्रू लावावा.

खण आत किती जावा, हे ठरवणारा अडसरही पुढच्या बाजूला लावावा. मागे लावला, तर उन्हाळ्यात कपाट आकसून खण पुढे डोकावू लागतो. कपाटाची पाठ अरुंद फळ्यांची, खाचेत मोकळी बसवलेली असावी.

फट किती ठेवावी, हे काम कोणत्या महिन्यात चालले आहे, यावर अवलंबून आहे. वैशाखात कपाट करत असाल, तर लाकूड सर्वात आकसलेले असते. मोठ्या खणाच्या वर सव्वा ते दीड सूत आणि लहानाच्या वर एक सूत मोकळे सोडावे. श्रावणात करत असाल, तर लाकूड आधीच फुगलेले असते. कागद सरकेल एवढी फट पुरे. खणाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सूत बाराही महिने पुरतो, कारण त्या दिशेला पुढच्या फळीची लांबी येते आणि लांबीत लाकूड हलत नाही.

चिकटवणी, पॉलिश आणि निगा

पूर्वी सुतार जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनलेला सरस तापवून वापरत. १९५९ मध्ये ‘फेव्हिकॉल’ बाजारात आला आणि सरसाचे भांडे हळूहळू चुलीवरून उतरले. पांढरी चिकटवणी सोयीची, पण ती लवकर धरू लागते आणि उन्हाळ्यात आणखी लवकर. २३ भागांचे चार कोपरे एकदम जुळवायचे असतील, तर सकाळच्या गारव्यात, मदतीला एक माणूस घेऊन आणि एकदा कोरडी रंगीत तालीम करूनच हात घालावा. शिकंजे आवळल्यावर पेटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असले, तर पेटी काटकोनात आहे. नसले, तर लांब कर्णाच्या दिशेने हलका दाब द्यावा. ही तपासणी चिकटवणी ओली असतानाच करायची असते. पूररेषेजवळच्या घरांसाठी पाण्याला टिकणारी चिकटवणी मागून घ्यावी. प्लायवुड वापरायचेच झाले, तर साध्या ‘एमआर’ प्रतीपेक्षा ‘भारतीय मानक ७१०’ चे सागरी प्लायवुड पाण्यात अधिक तग धरते.

बाहेरून चपडीचे पॉलिश सुंदर दिसते, पण गरम भांडे आणि साठलेले पाणी त्याला सोसत नाही. वरच्या फळीला अधिक टणक लेप द्यावा. कपाट आतून-बाहेरून, दोन्हीकडे लेपलेले असले पाहिजे. एकच बाजू लेपली, तर ओलावा एका बाजूनेच शिरतो आणि फळी वाकते. खणांच्या खालच्या कडांना तेल लावू नये, मेणबत्ती घासावी. आजीच्या काळची ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे.

खण अडला, तर लगेच रंधा मारू नये. आषाढात रंधलेला खण चैत्रात खुळखुळ वाजतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे घ्यावे, खण रिकामा करून काही दिवस हवेशीर ठेवावा, मेण लावावे. हवा कोरडी होऊनही तो अडत असेल, तरच रंधा घ्यावा. पुराचे पाणी शिरलेच, तर फुगलेले खण ओढून काढू नयेत. पाठीच्या फळ्या सोडवून ते मागून ढकलावेत, चिखल स्वच्छ पाण्याने धुवावा आणि सर्व भाग सावलीत, मध्ये पट्ट्या घालून सावकाश वाळू द्यावेत. उन्हात ठेवल्यास एक बाजू आधी वाळून फळ्या फाटतात. सुटलेला सांधा पुन्हा चिकटवता येतो. फाटलेली फळी जोडणे अवघड.

मिस्त्रींचे शहर

कोल्हापूरला कलापूर म्हणताना चित्रकार, नट, गायक यांची नावे घेतली जातात. त्यांच्या मागे उभा असलेला कारागीर सहसा आठवत नाही. बाबूराव पेंटर यांचे वडील कृष्णराव मिस्त्री हे सुतारकाम, लोहारकाम आणि कोरीवकाम यांत निष्णात होते. कॅमेऱ्याची पेटी लाकडाची असण्याच्या त्या काळात बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरात स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पूर्ण केला. मिस्त्रीच्या घरातील हातांना मापाची, जुळणीची आणि धीराची सवय होती, हे त्यामागचे एक कारण नक्कीच असावे.

अंबाबाई मंदिरातील लाकडी गरुड मंडप एकोणिसाव्या शतकातील. त्याचे खांब जीर्ण झाल्याने तो उतरवून पुन्हा सागवानात उभारण्याचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घ्यावे लागले. अशा वेळी लाकूड पैसे देऊन मिळते. ते सांध्यात बसवणारे हात मात्र ऐनवेळी विकत आणता येत नाहीत. घरोघरी छोटी-मोठी कामे मिळत राहिली, तरच ते तयार राहतात. तयार फर्निचर स्वस्त आणि लवकर मिळते, ही वस्तुस्थिती आहे आणि प्रत्येकाने सागाचे कपाट करावे, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. परंतु पुढच्या वेळी एखादे कपाट पाहायला जाल, तेव्हा वरच्या चकचकीत पॉलिशवर समाधान न मानता एक खण पूर्ण बाहेर काढावा, तो उलटा करावा आणि त्याचा कोपरा पाहावा. तेथे खिळ्यांची डोकी दिसतात, की एकमेकांत घट्ट गुंतलेली बोटे, यावरून ते कपाट किती पावसाळे काढील, याचा अंदाज येतो.